खुराड्याचं छप्पर दुरुस्त करूनही पुन्हा ठिबकतं तेव्हा: आधी पाणी कुठलं ते शोधा

डांबर लावलं, सिलिकॉन भरलं, वरून ताडपत्री बांधली, तरी महिनाभरात खुराड्यातली गादी (जमिनीवर पसरलेला भुशाचा थर) पुन्हा ओली. जागाही बहुतेक वेळा तीच, बसायच्या दांडीखाली नाहीतर मागच्या भिंतीलगत. अशा वेळी हात पहिल्यांदा डांबराच्या डब्याकडे जातो आणि चूक तिथेच होते.

खुराड्यात वरून येणारं पाणी तीन वाटांनी येतं. पहिलं पत्र्याच्या भोकातून किंवा जोडातून उतरणारं पावसाचं पाणी. दुसरी वाऱ्याबरोबर कडेनं आत घुसणारी झड. तिसरी वाफ, कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून उठणारी, जी रात्री गार पत्र्याला लागून थेंब बनते. डांबर आणि सिलिकॉन फक्त पहिल्या पाण्यावर चालतं. दुसऱ्यावर त्याचा काही उपयोग नाही. तिसऱ्यावर तर उलटाच परिणाम होतो: गळती बंद करायच्या नादात वरच्या फटी बुजवल्या जातात, वाफेला बाहेर जायला वाट उरत नाही आणि ठिबकणं वाढतं. म्हणून काही विकत आणायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं निरीक्षण करा. त्यानं अर्धं काम होतं.

थोडंसं ठिबकतंय तर ठिबकू दे, असं इथे म्हणता येत नाही. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. कोरडी गादी ते शोषून घेते. वरून आणखी पाणी आलं की गादीचं शोषणं थांबतं, विष्ठेतलं युरिक अॅसिड कुजून अमोनिया सुटू लागतो आणि कॉक्सिडिया या परजीवीच्या विष्ठेतून पडणाऱ्या अंड्यांसारख्या बीजपुट्यांना (ऊसिस्ट) नेमकी हवी तशी ऊबदार, ओलसर जागा मिळते. एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात. पायाच्या तळव्याला फोड येतात ते वेगळंच. मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडा. भुसा सुटून पडला तर ठीक आहे. गोळा तसाच राहिला तर ती जास्त ओली आहे. वासाची परीक्षा उभ्यानं घेऊ नका. कोंबडीच्या डोक्याइतकं खाली वाका. तिथे डोळे चुरचुरले, तर कोंबड्या रात्रभर त्याच हवेत बसून आहेत.

वेळेवरून पाणी ओळखा

पाऊस नाही, रात्रभर आकाश स्वच्छ होतं आणि पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब आहेत: हा घाम. दांडीच्या वरच्या भागात थेंब जास्त दाट दिसतील, कारण ऊब आणि वाफ तिथूनच वर जाते. कडाक्याच्या थंडीत हेच थेंब गोठून पत्र्याला चिकटतात आणि ऊन लागलं की आत पाऊस पडल्यासारखे गळतात. मालकाला वाटतं, छप्पर फुटलं.

पाऊस सुरू होताच दोन-तीन मिनिटांत एकाच जागी धार लागली, तर भोक उघडं आहे. पंधरा-वीस मिनिटं पाऊस झाल्यावर हळूहळू सुरुवात झाली, तर पाणी दोन पत्र्यांच्या जोडात चढतंय. सरळ पावसात सगळं कोरडं आणि वाऱ्याच्या पावसात एकाच बाजूची भिंत ओली, तर झड. पाऊस थांबून तास झाला तरी ठिबकणं चालू असेल, तर वर पाला साठून पाणी अडलंय किंवा लाकडानं पाणी पिऊन ठेवलंय.

शंका राहिली तर प्लास्टिकची परीक्षा घ्या. ओल्या जागी पत्रा आतून पुसून कोरडा करा. एक फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून पत्र्याला घट्ट चिकटवा. दुसऱ्या दिवशी बघा. खोलीकडच्या बाजूला, म्हणजे हात लागतो त्या बाजूला दव असेल तर घाम. प्लास्टिक आणि पत्र्याच्या मध्ये पाणी जमलं असेल तर गळती. दोन्हीकडे असेल तर दोन्ही आहेत, आणि असं अगदी सर्रास असतं.

गळती ठरली की तिचं तोंड शोधायला पाण्याची नळी वापरा. एक माणूस आत, एक बाहेर. सुरुवात नेहमी खालच्या कडेपासून, म्हणजे वळचणीकडून करा. फूट-दीड फुटाचा पट्टा ५ मिनिटं भिजवा, आतल्यानं काही दिसत नाही म्हटलं की वरच्या पट्ट्यावर जा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जोडांवरून वाहतं आणि काहीच कळत नाही. नळीचा जोर पत्र्याच्या कडेखालून वर मारू नका. तसं पाणी चांगल्या छपरातूनही आत जाईल. एक ध्यानात ठेवा: थेंब पडतो तिथे वर भोक असेलच असं नाही. पाणी वाशाच्या अंगानं उतारावर दोन-तीन फूट घसरत जातं आणि गाठ, खिळा किंवा जोड आला की तिथे सुटतं. म्हणून ओल्या डागापासून उताराच्या वरच्या बाजूला शोधा. स्क्रूभोवती लाकडाला काळं कडं पडलेलं असेल तर तो स्क्रू बरेच दिवस पाणी देतोय.

घाम असेल तर

मोठी कोंबडी साध्या हवेत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. यातलं बरंचसं श्वास आणि विष्ठेवाटे खुराड्याच्या हवेतच येतं. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः श्वासावाटे अंग गार करते, त्यामुळे गर्मीतही ही वाफ थांबत नाही. आता पत्र्याकडे बघा. स्वच्छ रात्री पातळ पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. आतली हवा २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर पत्रा १६-१७ अंशांवर आला की पुरे, थेंब धरू लागतात. एवढा फरक रोजच पडतो.

यावर एकच खरा उपाय आहे: वाफ पत्र्याला लागण्याआधी बाहेर काढणं. प्रत्येक कोंबडीमागे अर्धा ते एक चौरस फूट कायम उघडी जाळी हा चांगला हिशोब आहे, आणि ती जाळी दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा किमान एक फूट वर हवी. अशानं हवा डोक्यावरून जाते, अंगावर येत नाही. एका उताराच्या छपराला समोरच्या उंच भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा आणि मागच्या बुटक्या भिंतीच्या माथ्यावर त्याहून अरुंद पट्टा ठेवा. गरम दमट हवा उंच कडेनं निघते, तिची जागा घ्यायला मागून कोरडी हवा येते. एकाच बाजूला जाळी ठेवली तर हे चक्र नीट चालत नाही. थंडीत या जाळ्या बंद करण्याचा मोह होतो. करू नका. कोरडी कोंबडी पिसं फुलवून थंडी सहज काढते. ओल्या हवेतली कोंबडी आजारी पडते आणि तिचा तुराही लवकर गारठतो.

पत्र्याच्या पन्हळींखाली कडेला जी अर्धगोल भोकं उरतात, त्यांत फोमच्या पट्ट्या ठोकायची पद्धत आहे. घराच्या छपराला ते ठीक. खुराड्यात तीच भोकं वाफेच्या वाटा असतात. उंदीर आत येतात ही भीती खरी आहे, पण त्यासाठी बारीक तारेची जाळी गोल वळवून आत खोचा. हवा चालू राहते.

जाळी पुरेशी असूनही घाम येत असेल तर पत्र्याखाली दुसरा थर द्या. वाशांवर ९ ते १२ मिमी जाडीचा पाण्याला टिकणारा प्लायवूड, त्यावर पाणी न झिरपणारा छपराचा कागद, त्यावर २ इंच जाडीच्या पट्ट्या, त्यावर पत्रा. मधली २ इंचांची पोकळी खालून-वरून उघडी राहिली पाहिजे. पत्र्याखाली दव धरलंच तर ते कागदावर पडून उतारानं बाहेर जातं. उन्हाळ्यात याच पोकळीतून तापलेली हवा वर निघून जाते, आणि हा फायदा तितकाच मोठा आहे, कारण हवा ३० अंशांच्या वर गेली की कोंबड्यांना त्रास सुरू होतो. प्लायच्या कापलेल्या कडांना दोन हात रंग द्यायला विसरू नका. प्लाय कडेनंच पाणी पितो आणि सुटतो.

थर्माकोल उघडा लावू नका. कोंबड्या तो टोचून टोचून खातात, आणि खूप आवडीनं खातात. लावायचाच असेल तर प्लाय आणि पत्र्याच्या मध्ये, चोच पोचणार नाही असा. डांबरी फेल्टच्या छपराबद्दलही सांभाळून. फेल्टच्या घड्यांखाली रेड माइट हे बारीक किडे दिवसा लपतात, रात्री उतरून कोंबड्यांचं रक्त पितात, आणि तिथे ना फवारा पोचतो ना ब्रश. दुहेरी छपरातही प्लायचे सांधे याच कारणासाठी घट्ट बसवा.

ताडपत्रीबद्दल दोन शब्द. पत्र्यावर ताडपत्री घट्ट ओढून कडेला बांधली की वरच्या जाळ्या झाकल्या जातात. पाऊस अडतो, घाम वाढतो, आणि ताडपत्री व पत्र्याच्या मध्ये अडकलेल्या ओलीनं पत्रा गंजू लागतो. एका वादळी रात्रीपुरती ठीक आहे.

खरी गळती: स्क्रू, जोड आणि उतार

दहापैकी बहुतेक वेळा दोष पत्र्याचा नसतो, तो लावणाऱ्या हाताचा असतो.

साधे खिळे हे पहिलं कारण. पोलादी पत्रा दर मीटरला, दर अंशामागे ०.०१२ मिमी वाढतो. ३ मीटरचा पत्रा रात्र आणि भर दुपार यांत ५० अंशांनी तापला-निवाला तर १.८ मिमी लांब-आखूड होतो, आणि हे रोज. खिळा या हालचालीनं हळूहळू वर येतो, त्याखालची फट उघडते. पुन्हा ठोकला तर काही आठवड्यांनी पुन्हा वर. डांबर फुटतं तेही याच ओढाताणीमुळे: सुकलेलं डांबर कडक, खालचा पत्रा हलता. खिळे काढून त्या जागी रबर वॉशरचे छपराचे स्क्रू घाला. जुनं भोक मोठं झालं असेल तर एक माप जाड स्क्रू आणि मोठा वॉशर. खालचं लाकूड मऊ पडलं असेल तर तिथे कोणताही स्क्रू धरणार नाही. शेजारच्या उंचवट्यावर नवा स्क्रू घ्या आणि जुन्या भोकावर ब्यूटाइल टेपचं (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी) ठिगळ मारा.

स्क्रू पन्हळी पत्र्याच्या उंचवट्यावर बसतो. खोलगट भागात नाही, कारण सगळं पाणी तिथूनच वाहतं. आवळायचं माप रबराकडे बघून ठरवा: रबर धातूच्या चकतीच्या कडेनं किंचित बाहेर डोकावलं की थांबा. रबर चेपून बाहेर आलं, चकती वाकली किंवा उंचवटा दबून खड्डा पडला, तर जास्त झालं. असा वॉशर एक-दोन उन्हाळ्यांत फाटतो. ड्रिल मशीन कमी वेगावर ठेवा आणि शेवटचा पाव फेरा हातानं द्या. स्क्रू तिरका गेला तर एका बाजूला रबर दबतच नाही. तो सरळ करायचा प्रयत्न नको, काढून नवा लावा.

पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा तुकडा उजेडासाठी मध्ये घातला असेल तर आधी तो तपासा. ते पोलादाच्या पाचपट-सहापट वाढतं. ३ मीटरला ४० अंशांच्या फरकात सुमारे ८ मिमी. म्हणून त्यात भोक स्क्रूपेक्षा ३-४ मिमी मोठं पाडायचं आणि वर रुंद वॉशर द्यायचा. भोक घट्ट ठेवलं की स्क्रूपासून तडे निघतात. ती तड कशानंही बुजत नाही. तुकडा बदलावा लागतो.

जोडांचं म्हणाल तर शेजारच्या पत्र्यावर दीड वळी (पत्र्याची एक लाट म्हणजे एक वळी) चढली पाहिजे. एकाच वळीवर काम भागवलं की वाऱ्याचा पाऊस वळीवरून उडी मारतो. चढवण्याची दिशाही महत्त्वाची आहे: वरच्या पत्र्याची उघडी कड वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला हवी. उताराच्या दिशेला जोड घ्यावाच लागला तर चांगल्या उतारावर ६ इंच, कमी उतारावर ८ ते १० इंच चढवा, आणि जोडाखाली पट्टी असलीच पाहिजे. खुराडं लहान असतं, त्यामुळे सरळ पूर्ण लांबीचे पत्रे घेणं सगळ्यात चांगलं.

जोडात पाणी चढतं ते केशाकर्षणानं. दोन पत्रे एकमेकांना चिकटले की मधल्या बारीक फटीत पाणी उताराविरुद्धही ओढलं जातं. इथे वरून सिलिकॉनची रेघ मारून फायदा होत नाही, पाणी आतच कोंडतं. जोड उघडा, दोन्ही बाजू तारेच्या ब्रशनं घासून कोरड्या करा, मध्ये ब्यूटाइल टेप सलग घाला आणि स्क्रू त्या टेपमधूनच जाऊ द्या. सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं. न्यूट्रल प्रकारचं घ्या.

हे सगळं करूनही जोडातून येतंय, तर उतार मोजा. २ फूट लांबीची लेव्हल पट्टी उताराच्या दिशेनं, वरचं टोक पत्र्याला टेकवून आडवी धरा, बुडबुडा मध्ये आणा आणि खालच्या टोकापासून पत्र्यापर्यंत अंतर घ्या. ६ इंच आलं तर उतार ४ फुटांना १ फूट, म्हणजे सुमारे १४ अंश. हा उत्तम. ४ इंच आलं तर ६ फुटांना १ फूट, साडेनऊ अंशांच्या आसपास. सगळ्या जोडांत टेप असेल तर निभावतं. त्याहून कमी उतारावर पन्हळी पत्रा टाकूच नये, पाला अडला की पाणी उलटं चढतं. उतार वाढवायला सगळं मोडायची गरज नसते. पत्रे काढा, समोरच्या भिंतीवर नवी आडवी पट्टी चढवून वासे उचला आणि वर जी उघडी जागा तयार होते तिथे जाळी मारा. एकाच कामात उतारही मिळतो आणि हवाही.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर थांबा. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याला भोक पाडू नका, कापू नका, कोरडा घासू नका. ती धूळ फुप्फुसात जाऊन राहते. असा पत्रा जाणकाराकडून सुरक्षितपणे उतरवून घ्या.

झड

हे पाणी सोपं आहे. छप्पर भिंतीबाहेर पुढे आणि मागे किमान एक फूट हवं. दोन्ही अंगांना निदान ९ इंच. वाऱ्याच्या पावसात झड ४५ अंशांनी आली तर एक फूट वळचण भिंतीचा वरचा एक फूटच झाकते. म्हणून जाळीचा पट्टा या एक फुटाच्या आत बसवा. वळचण वाढवणं शक्य नसेल तर जाळीवर बाहेरून खाली झुकलेली झडप बिजागरीनं लावा, खालची कड २-३ इंच उघडी ठेवून.

पत्र्याच्या वरच्या टोकाला पन्हळींची उघडी तोंडं असतात. वारा त्यातून पाणी उतारावर ढकलत आत नेतो. पकडीनं प्रत्येक पन्हळीचं टोक अर्धा-पाऊण इंच वर वळवा. खालच्या टोकाला तेच खाली वळवा, म्हणजे पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून मागे न येता सुटून पडतं. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही. वरच्या कडेवर कोनाचा पत्रा लावताना तो पत्र्यावर किमान ६ इंच उतरलेला हवा. शिशाचा पत्रा या कामाला बऱ्याच ठिकाणी वापरतात. खुराड्यावर नको, कोंबड्या टोचतात आणि शिसं विषारी आहे.

पागोळ्यांचंही बघा. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. साडेचार चौरस मीटरच्या छपरावर ५० मिमी पाऊस पडला की मागच्या वळचणीखाली सव्वादोनशे लिटर पाणी कोसळतं. ते जमिनीवरून उसळून भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर उडतं, पाया भिजवतं, आणि मग गादी खालून ओली होते. छप्पर निर्दोष असताना दोष छपरावर येतो. वळचणीखाली पन्हळ (पाणी वाहून नेणारी नाळ) लावून पाणी लांब सोडा, किंवा वळचणीच्या रेषेत एक फूट रुंद, तितकाच खोल चर खणून खडीनं भरा. चराला बाहेरच्या बाजूला उतार द्या, नाहीतर तो नुसती पाण्याची टाकी होतो.

वारा: गळती परत येण्याचं न दिसणारं कारण

दर वादळानंतर त्याच स्क्रूंतून पाणी येत असेल, तर छप्पर उचललं जातंय. थोडंसंच, पण प्रत्येक झोताला. ताशी १०८ किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे सुमारे ५५ किलो वजनाइतका असतो, आणि वळचणीच्या कडांवर वरून ओढ व खालून रेटा दोन्ही लागत असल्यानं तिथे त्याहून जास्त. साडेचार चौरस मीटरच्या छपराला हा हिशोब अडीचशे किलोच्या आसपास जातो. त्यावरच्या अर्ध्या मिमी जाडीच्या पत्र्यांचं वजन जेमतेम २० किलो. पत्र्यावर चार दगड ठेवून यातलं काहीच थांबत नाही. उलट दगडाखाली ओल राहून तिथेच गंज धरतो, आणि दगड उडाला तर खाली कोण असेल सांगता येत नाही.

उचलणारा जोर पत्र्याकडून पट्टीकडे, पट्टीकडून वाशाकडे, वाशाकडून भिंतीच्या चौकटीकडे आणि तिथून जमिनीत जातो. साखळीतली एक कडी कच्ची असेल तर तिथेच सुटतं. बहुतेक खुराड्यांत ती कडी वासा आणि भिंत यांच्यामधली असते: वासा वरून दोन खिळ्यांवर उभा असतो. खिळा ज्या दिशेनं ठोकला त्याच दिशेनं वारा तो उपसतो. प्रत्येक वाशाच्या दोन्ही टोकांना जस्ताचा थर असलेली १ इंच रुंद लोखंडी पट्टी वाशावरून वळसा घालून चौकटीवर उतरवा आणि दोन्हीकडे तीन-तीन स्क्रू आडवे मारा. आडवा स्क्रू उपसला जात नाही, त्याला तुटावंच लागतं. खुराड्याचे खांब जमिनीत दोन फूट गेलेले नसतील तर चारही कोपऱ्यांना जमिनीतले अँकर हवेत. नाहीतर छप्पर टिकेल आणि खुराडंच पालथं होईल.

नव्यानं टाकायचं ठरलं तर

चार फूट रुंद, सहा फूट लांब खुराडं, सहा कोंबड्या, असं धरू. समोरची भिंत मागच्यापेक्षा एक फूट उंच. पुढे-मागे एक-एक फूट आणि दोन्ही अंगांना ९ इंच वळचण. वासे ४, प्रत्येकी २ × ३ इंच जाडीचे, ६ फूट २ इंच लांब, दोन-दोन फुटांवर, ३ इंचांची बाजू उभी. त्यांवर २ × २ इंचाच्या आडव्या पट्ट्या ४, साडेसात फूट लांब, दोन-दोन फुटांवर. पत्रे साडेसहा फूट लांबीचे; दीड वळी चढवून अडीच फूट झाकणारे असतील तर ३ पुरतात. दुकानात पत्र्याची पूर्ण रुंदी सांगतात, झाकणारी रुंदी विचारून घ्या. पत्रा वरच्या आणि खालच्या पट्टीच्या बाहेर २ इंच राहतो.

स्क्रू ५५ मिमी लांब: उंचवट्याचे १८ मिमी वजा जाता साधारण ३५ मिमी लाकडात जातात. कडेच्या दोन पट्ट्यांवर एकाआड एक उंचवट्यावर, मधल्या दोनवर दर तिसऱ्या उंचवट्यावर. असे सुमारे ५०, शिवाय पत्र्याला पत्रा शिवायला ६ छोटे. पासष्ट घ्या. वासे चौकटीला बांधायच्या लोखंडी पट्ट्या ८. समोर ६ इंच आणि मागे ४ इंच उंचीची सलग जाळी दिली की ५ चौरस फूट हवा मिळते, सहा कोंबड्यांना पुरेशी. जाळी अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, वेल्ड केलेली, आणि ती स्टेपलनं नको, पट्टी व स्क्रूनं दाबा. मुंगूस किंवा रानमांजर स्टेपल सहज उपसतं.

लाकडाला तांबेयुक्त औषध मारलेलं असेल तर ओलीत ते जस्ताचा थर खातं. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये डांबरी कागदाची किंवा जाड प्लास्टिकची फीत घाला. पत्रा ग्राइंडरनं कापू नका. ठिणग्यांनी कडेचं जस्त जळतं, आणि तप्त कण पत्र्यावर चिकटून जिथे पडतील तिथे गंजाचे ठिपके उठतात. पत्रा कापायची कात्री वापरा आणि कापलेली कड शक्यतो वरच्या बाजूला, कोनाच्या पत्र्याखाली जाईल अशी ठेवा.

कोंबड्या आत सोडण्याआधी छप्पर झाडून घ्या आणि खालची जमीन चुंबकानं विंचरा. स्क्रू मारताना निघालेले चकचकीत कण, तुटलेले वॉशर, पडलेले स्क्रू कोंबडी दाणा समजून गिळते, आणि जस्त पोटात विरघळून विषबाधा करतं. मग पुन्हा खालून वर नळी फिरवा, प्रत्येक पट्टा ५ मिनिटं. कोंबड्या आत बसल्यावर पहिल्या दोन-तीन रात्री प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवून ठेवा. जाळी पुरेशी आहे की आणखी दोन इंच वाढवायची, ते पहाटे कळेल.